पाण्याऐवजी कार्बन डायऑक्साइडने क्युअरिंग: आपल्या भागातल्या ब्लॉक कारखान्यांना जमेल का?

माणदेशी_ब्लॉक

नमस्कार मंडळी. म्हसवड रस्त्याला माझा सिमेंट ब्लॉक आणि पेव्हर ब्लॉकचा छोटा कारखाना आहे. माण तालुक्यातल्या पाण्याबद्दल इथे कुणाला वेगळं सांगायला नको. शिमगा झाला की बोअर आटतं आणि टँकरच्या मागे लागावं लागतं. गावात लोक प्यायच्या पाण्यासाठी थांबलेले असताना माझ्या यार्डात ब्लॉकांवर मारायला टँकर रिकामा होतो, हे मला मनापासून खटकतं. पण पाणी मारून क्युअरिंग केलं नाही तर माल कच्चा राहतो. वरून टणक दिसतो आणि गाडीत भरताना कडा चुरतात.

सिव्हिल शिकलेला एक मुलगा परवा यार्डावर आला होता. तो म्हणाला, बाहेरच्या देशांत ब्लॉक बंद खोलीत रचतात, आत कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि १४ दिवसांचं काम एका दिवसावर येतं. तेव्हा जाणकारांना विचारतो. पाणी खरंच वाचतं का? ताकद येते का? गॅस आणायचा कुठून? सरकारी कामाला असा माल चालतो का?

वाईकर_नितीन

चांगला विषय. आमच्या घराचा स्लॅब पुढच्या आठवड्यात आहे. स्लॅबला करता येईल का हे?

कराडचा_अभियंता

@वाईकर, स्लॅबला अजिबात नको. कारण खाली येईलच.

@माणदेशी, आधी आत काय घडतं ते बघू. सिमेंट वाळून घट्ट होत नाही. त्यातली कॅल्शियम सिलिकेटं पाण्याशी क्रिया करतात आणि त्यातून जो चिकट लगदा बनतो तो खडी-कच धरून ठेवतो. ही क्रिया सावकाश चालते म्हणून आपण पाणी मारत राहतो. कार्बन डायऑक्साइड दिला की तीच सिलिकेटं ओलीत विरघळलेल्या गॅसला धरतात आणि कॅल्शियम कार्बोनेट तयार होतं, म्हणजे चुनखडीच. तिचे बारीक स्फटिक पोकळ्यांत भरतात. हे फार वेगाने होतं. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात दाबून बसवलेल्या सिलिकेटच्या नमुन्यांवर हा गॅस सोडून पाहिला, तेव्हा मिनिटांच्या हिशेबात चांगली ताकद आली होती. म्हणजे शोध जुना आहे. अडलं होतं ते गॅस आणि बंदिस्त जागेच्या खर्चावर.

आता तुमच्या पाण्याच्या प्रश्नाकडे. ब्लॉक हाडासारखा कोरडा असेल तर गॅस काहीच करत नाही, कारण क्रिया पाण्यातच होते. आणि ब्लॉक पाण्याने गच्च असेल तर गॅस आत शिरत नाही. हवेत हा गॅस जितक्या सहज पसरतो त्याच्या साधारण दहा हजारपट सावकाश तो पाण्यातून सरकतो. म्हणून मधली ओल लागते. साच्यातून काढलेला ब्लॉक काही तास वाऱ्याला ठेवायचा, पोकळ्यांतलं पाणी थोडं उडू द्यायचं, मग खोलीत घालायचा. तुमचा माल आधीच सेमी-ड्राय, म्हणजे कमी पाण्याच्या मिश्रणाचा असतो, त्यामुळे तो या कामाला योग्य आहे.

गॅस दिल्यावरही आत बरंच सिमेंट क्रिया न झालेलं उरतं. त्यासाठी नंतर थोडं पाणी शिंपडावंच लागतं. टँकर बंद होणार नाही, खेपा नक्की कमी होतील.

पलूसचा_मोल्डर

अहो, हे आम्ही रोज करतो की! फाउंड्रीत कोअर, म्हणजे ओतकामात पोकळी ठेवणारा वाळूचा गाभा, बनवताना वाळूत सोडियम सिलिकेट मिसळायचं, कोअर बॉक्समध्ये ठोकायचं, वरून भोकं पाडायची आणि नळीने सीओटू मारायचा. गॅस द्यायच्या आधी वाळूत अंगठा रुततो. गॅस दिल्यावर नखाने ओरखडा निघत नाही. किर्लोस्करवाडीपासून कोल्हापूरपर्यंत कुठल्याही मोल्डरला विचारा. त्यामुळे ब्लॉकला जमणार नाही असं मला तरी वाटत नाही.

कराडचा_अभियंता

@पलूसचा_मोल्डर, गॅस तोच, पण रसायन वेगळं आहे दादा. तुमच्याकडे सोडियम सिलिकेटमधून सिलिकाचा जेल सुटतो आणि तो वाळूचे कण चिकटवतो. तो कोअर पाण्यात टाकला तर विरघळायला लागेल. ब्लॉकमध्ये तयार होणारी चुनखडी पाण्यात टिकते. तुमच्या अनुभवातली एक गोष्ट मात्र इथे थेट लागू पडते. गॅस सगळीकडे पोचण्यासाठी तुम्ही वाळूत भोकं पाडता ना? ब्लॉकमध्येही गॅस किती खोल पोचतो यावरच सगळं ठरतं.

पलूसचा_मोल्डर

बरोबर. आणि आमच्याकडे गॅस जास्त मारला तरी कोअर ठिसूळ होतो, काही दिवसांत भुगा पडायला लागतो. ब्लॉकचं तसं होतं का, ते कुणीतरी सांगा.

शुभदा_स्ट्रक्चरल

वाईकरांच्या प्रश्नाला मी उत्तर देते, कारण माझा अर्धा दिवस याच दुखण्यावर जातो. मी सांगलीत जुन्या इमारतींची तपासणी करते.

काँक्रीट चांगलं असेल तर ते खूप अल्कधर्मी असतं, पीएच साडेबारा-तेराच्या आसपास. त्या वातावरणात सळईवर एक अतिशय पातळ संरक्षक थर टिकून राहतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत झिरपत गेला की चुना संपतो, पीएच नऊच्या खाली येतो आणि तो थर जातो. मग ओल मिळाली की सळई गंजते. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो, म्हणून सळईवरचं काँक्रीटचं कव्हर फुटून खाली पडतं. स्लॅबच्या खालच्या बाजूचे पोपडे आणि आत लालभडक सळई तुम्ही सगळ्यांनी पाहिलेली आहे. पुरात राहिलेल्या घरांमध्ये तर मी हे सारखं बघते.

सळईच्या काँक्रीटमध्ये जी क्रिया आम्ही चाळीस-पन्नास वर्षं लांबवायला धडपडतो, ती तुम्ही पहिल्याच दिवशी घडवून आणणार. म्हणून स्लॅब, बीम, कॉलमला नाही. पेव्हर, सॉलिड ब्लॉक, कर्ब स्टोन यांत लोखंड नसतं. तिथे माझी काहीच हरकत नाही, उलट मला ही कल्पना आवडली.

आणि @वाईकर, भारतीय मानक ४५६ प्रमाणे साध्या ओपीसी सिमेंटला किमान ७ दिवस आणि फ्लाय अॅश म्हणजे कोळशाची राख मिसळलेल्या पीपीसीला किमान १० दिवस सतत ओल ठेवायची. तुमच्या पोत्यावर काय छापलंय ते बघा. बहुधा पीपीसीच असेल.

वाईकर_नितीन

धन्यवाद ताई. पीपीसीच आहे. कॉन्ट्रॅक्टर ५ दिवस पुरे म्हणत होता. आता आळी बांधून १४ दिवस पाणी उभं करतो.

बाळूमिस्त्री_कोरेगाव

बांधा, बांधा. आमच्या गल्लीत एकानं स्लॅबवर एवढं पाणी साठवलं होतं की पोरांनी होड्या सोडल्या. स्लॅब मात्र आजपर्यंत एक थेंब गळला नाही.

माणदेशी भाऊंना माझं सांगणं वेगळं आहे. गॅसच्या मागं लागायच्या आधी आहे ते पाणी कुठं जातं ते बघा. मी लई यार्डं बघितली. पोरगा पाइप धरून उभा राहतो, पाणी ब्लॉकवरनं घसरून मुरमात जातं आणि तासाभरात उन्हानं वरचा थर पांढरा पडतो. त्यापेक्षा थप्पीला ताडपत्री नाहीतर जाड प्लॅस्टिक गच्च गुंडाळायचं. आतली ओल आतच राहते. दिवसातनं एकदा उघडायचं, गोणपाट भिजवायचं, परत झाकायचं. निम्म्याहून जास्त पाणी वाचतं. याला ना सिलिंडर लागतो ना खोली.

माणदेशी_ब्लॉक

@बाळूमिस्त्री, प्लॅस्टिक लावतो मी. आमच्याकडे चैत्र-वैशाखात जो वारा सुटतो त्यात कागदाचं टोक एकदा सुटलं की दुपारपर्यंत सगळा कागद बाभळीवर. थप्पीची वाऱ्याकडची बाजू कायम कच्ची. फोडून बघितलं तर त्या बाजूला बोटभर रंग फिका आणि खरवडलं की पूड हाताला लागते, दुसरी बाजू मात्र काळसर आणि घट्ट. एकाच मिश्रणाचा, एकाच दिवसाचा माल. म्हणून बंद खोलीची कल्पना मनात बसली. गॅसचं पुढे काही होवो, वारा तरी लागणार नाही.

गडवाट_सातारा

थोडं अवांतर. आपल्या बऱ्याच गडांवर दगडी चाकाची चुन्याची घाणी दिसते. बैल जुंपून तिच्यात चुना, वाळू मळायचे. चुनखडी भट्टीत भाजली की गॅस उडून जातो, चुना विरवून भिंतीत बसवला की तो हवेतला तोच गॅस परत ओढून दगड बनतो. मेणवलीचा घाट अजून उभा आहे. मग तुम्ही जे नवीन म्हणताय ते आपल्या लोकांनी आधीच केलेलं नाही का?

कराडचा_अभियंता

क्रियेचं शेवटचं टोक तेच, मान्य. पण चुना हवेतून गॅस घेतो आणि आपल्या हवेत तो ०.०४ टक्के. त्यामुळे जाड भिंतीच्या गाभ्यात चुना घट्ट व्हायला वर्षं लागतात. त्या काळी ती सवड होती, आणि बांधणीच अशी होती की भार दगडावर यायचा. इथे शंभर टक्के गॅस कोंडून तेच काम काही तासांत करायचं आहे. फरक वेगाचा आहे आणि धंद्याला वेगच लागतो.

गडवाट_सातारा

पटलं. तरी डागडुजीच्या नावाखाली जुन्या चिऱ्यांमध्ये सिमेंट भरतात ते बघून जीव तुटतो. त्यावर वेगळा धागा काढतो.

उसाचा_केमिस्ट

मी कृष्णाकाठच्या एका कारखान्याच्या डिस्टिलरीत काम करतो. गॅस कुठून आणायचा या प्रश्नाचं उत्तर आपल्या सातारा-सांगली दोन्ही जिल्ह्यांत चिमणीच्या उंचीवर उभं आहे.

यीस्ट साखर खातं तेव्हा अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड जवळपास सारख्या वजनाने तयार होतात. एक लिटर अल्कोहोलमागे सुमारे पाऊण किलो गॅस. रोज ६० हजार लिटर काढणारी डिस्टिलरी धरा. रोजचे ४५ टन झाले. बॉयलरच्या धुरासारखा हा मिसळलेला नसतो. फर्मेंटरच्या डोक्यावरून निघतो तो पाण्याची वाफ आणि थोडी अल्कोहोलची वाफ सोडली तर जवळजवळ शुद्ध. काही ठिकाणी तो धुऊन, वाळवून, दाबून सोड्याच्या आणि वेल्डिंगच्या सिलिंडरसाठी विकतात. बाकी ठिकाणी हवेत.

ब्लॉकला पिण्याच्या सोड्याएवढी शुद्धता नको. पाण्याने धुवायचा आणि ब्लोअरने ढकलायचा, बस्स. गाळप होळीच्या आसपास आटोपतं, पण साठवलेल्या मळीवर डिस्टिलरी पुढेही चालते. म्हणजे तुमचा टँकरचा हंगाम असतो तेव्हा आमचा गॅस असतो.

चुना आणि हा गॅस यांचं नातं साखरवाल्यांना नवं नाही. डबल कार्बोनेशनच्या पद्धतीत रसात चुन्याचं दूध घालतात, मग गॅस सोडतात, आणि तयार होणारी चुनखडी रसातली घाण घेऊन खाली बसते. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी सल्फिटेशन, म्हणजे गंधकाच्या धुराची पद्धत चालते, त्यामुळे ते दिसत नाही.

माणदेशी_ब्लॉक

४५ टन! मला किती लागेल?

प्रा_मिरज

मी पॉलिटेक्निकला काँक्रीट शिकवते. हिशेब मांडू.

६० मिलिमीटर जाडीच्या पेव्हरचा एक चौरस मीटर म्हणजे साधारण १३८ किलो. त्यात १५ टक्के सिमेंट धरलं तर २० किलो. बंद खोलीत सिमेंटच्या वजनाच्या १० ते १५ टक्के गॅस बसतो असं धरून चाललं तर चौरस मीटरला दोन ते तीन किलो गॅस. केमिस्ट सरांची एक डिस्टिलरी रोज पंधरा हजार चौरस मीटरच्या वर पेव्हरला पुरेल. गॅस कमी पडणार नाही.

आता जिथे लोक फसतात ते बघा. एक घनमीटरची पेटी केली आणि ती ब्लॉकने निम्मी भरली. उरलेल्या अर्ध्या घनमीटरात साध्या दाबाला गॅस मावतो जेमतेम ९०० ग्रॅम. आणि आतल्या ब्लॉकांना हवा असतो निदान सोळा-सतरा किलो. म्हणजे एकदा गॅस भरून दार लावलं आणि झालं, असं होत नाही. ब्लॉक गॅस पीत जातात, आतला दाब खाली येतो, पेटीचे पत्रे आत ओढले जातात. गॅस सतत, बारीक धारेने देत राहावा लागतो आणि सुरुवातीला आतली हवा बाहेर काढावी लागते. ती हवा आत राहिली तर शेवटी पेटीत हवाच उरते आणि क्रिया थांबते.

दुसरं, क्रियेत उष्णता सुटते. ब्लॉक तापतात, त्यांच्यातलं पाणी उडून भिंतींवर घाम धरतं. तळाला निचरा ठेवा. गॅस किती बसला हे वजनावरून काढणार असाल तर हे उडालेलं पाणी हिशेबात धरा, नाहीतर वजन कमी भरलं म्हणून प्रयोग फसला असं वाटेल.

@पलूसचा_मोल्डर, तुमच्या प्रश्नाला: ब्लॉक आधीच फार वाळवला किंवा गॅस देताना पार कोरडा झाला, तर पुढची पाण्याची क्रिया उपाशी राहते आणि २८ दिवसांची ताकद मार खाते. दिसायला ते तुमच्या ठिसूळ कोअरसारखंच. उपाय म्हणून गॅसनंतर पाणी शिंपडून झाकून ठेवायचं.

जतचा_संदीप

मला एक शंका आहे आणि ती मला महत्त्वाची वाटते. सगळीकडे या तंत्राला हवामान वाचवणारं म्हणतात. पण चुनखडी भाजताना एका टनातून ४४० किलो गॅस उडतो, वर १४५० अंशांपर्यंत भट्टी तापवायला कोळसा. एक किलो ओपीसीमागे पाऊण किलोच्या वर गॅस आधीच हवेत गेलेला असतो. त्यातला शे-दीडशे ग्रॅम परत ब्लॉकमध्ये घातला म्हणून एवढा गाजावाजा का? माझ्या मते खरं काम सिमेंट कमी वापरण्यात आहे. भाजलेली माती आणि न भाजलेली चुनखडी मिसळून केलेलं एलसी-थ्री सिमेंट आयआयटीवाल्यांनी स्वित्झर्लंडच्या संस्थेबरोबर विकसित केलं. त्यात क्लिंकर, म्हणजे भट्टीत भाजलेला सिमेंटचा मूळ माल, निम्म्यावर येतो. पैसे तिकडे लावा.

कराडचा_अभियंता

@जतचा_संदीप, आकडे बरोबर आहेत आणि एलसी-थ्रीबद्दलही सहमत. पण एक करताना दुसरं सोडावं लागत नाही. कॅनडातल्या हॅलिफॅक्सची कार्बनक्युअर कंपनी रेडी-मिक्समध्ये, म्हणजे प्लांटवर कालवलेल्या काँक्रीटमध्ये, अगदी थोडा गॅस सोडते. बसणारा गॅस नगण्यच असतो, पण ताकद वाढते म्हणून सिमेंट काही टक्के कमी घालता येतं आणि खरी बचत तिथेच होते. जपानच्या काजिमा कंपनीने तर सिमेंटचा मोठा भाग बदलून, पाण्याशी जवळजवळ क्रिया न करणारं पण या गॅसला धरणारं डायकॅल्शियम सिलिकेट वापरलं. अमेरिकेतल्या सॉलिडियाचा मार्ग असाच, कमी चुन्याचं सिमेंट, भट्टीही कमी तापाची, सुमारे १२०० अंश.

उसाचा_केमिस्ट

@संदीप, अजून एक बाजू. आमचा गॅस कोळशातून आलेला नाही. उसाने तो गेल्या वर्ष-दीड वर्षातच हवेतून घेतलेला असतो. ब्लॉकमध्ये चुनखडी होऊन बसला की हवेतून तेवढा कायमचा वजा. थोडा असेल, पण खरा वजा.

जतचा_संदीप

हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. उसाच्या पाण्यावर मात्र माझं भांडण शिल्लक आहे, आम्हा जतकरांचं ते राहणारच. पण आहे तो गॅस वाया जाऊ नये, इथपर्यंत तुमच्याबरोबर.

विटेकर_अमोल

गॅस म्हटला की सगळे ताकदीवर बोलतायत, कुणीतरी जिवावर पण बोला. हा गॅस हवेच्या दीडपट जड. खाली बसतो. वास नाही, रंग नाही. जुनी माणसं पडक्या विहिरीत उतरायच्या आधी दोरीला कंदील बांधून सोडायची, विझला की उतरायचं नाही. ती युक्ती निम्मीच कामाची, कारण कंदील जळत असला तरी गॅस माणसाला पुरेसा वाईट असू शकतो. हवेत ४ टक्के म्हणजे जिवाला धोका.

ब्लॉकची खोली उघडून पोरगं ट्रॉली काढायला आत गेलं आणि आडवं झालं तर त्याला काढायला दुसरा धावतो, तोही पडतो. दोन्ही बाजूंना दारं ठेवा, आधी पंखा लावून गॅस बाहेर काढा, मीटर गुडघ्याच्या उंचीला लावा, आणि एकट्याने कुणीही आत जायचं नाही. खोली खड्ड्यात किंवा तळघरात तर बांधूच नका.

उसाचा_केमिस्ट

+१. आमच्याकडे फर्मेंटर साफ करायला उतरण्याआधी परमिट भरावं लागतं ते याचसाठी. अमोलचा प्रतिसाद वरती चिकटवून ठेवा.

तासगाव_बेदाणा

खोलीबद्दल सांगतो. माझं कोल्ड स्टोरेजचं काम आहे. केळी पिकवायच्या चेंबर बांधणारे लोक आपल्याकडे आहेत. पफ पॅनेल (आत फोम भरलेले पत्रे), रबरी गॅस्केटचं दार, आत पंखा, हे सगळं ते करतात. फळांमधून सुटणारा हा गॅस ते मधूनमधून बाहेर काढतात आणि तुम्हाला तोच कोंडायचा आहे एवढाच फरक. प्रा. मॅडम म्हणाल्या तसं पॅनेल आत ओढली जाऊ नयेत म्हणून पाण्याची सील असलेली एक नळी बाहेर काढा. दाब पडला की हवा आत येईल, पॅनेल वाचेल.

माणदेशी_ब्लॉक

किती शिकायला मिळालं. आता अडचण सांगतो. माझं यार्ड माणमध्ये आणि डिस्टिलऱ्या कृष्णाकाठी. कच्चा ब्लॉक आमच्या रस्त्याने कारखान्यापर्यंत गेला तर तिथे खडी उतरवावी लागेल. म्हणजे एक तर गॅस माझ्याकडे यायला हवा, सिलिंडरने, नाहीतर अख्खं मशीन कारखान्याशेजारी न्यायला हवं. सिलिंडरचं गणित मी मला मिळणाऱ्या दराने मांडलं. चौरस मीटरला तीन किलो धरले तर माझा नफा तिथेच संपतो.

आणि सरकारी कामाचं कुणी सांगितलं नाही.

शुभदा_स्ट्रक्चरल

ते मी सांगते. पेव्हरसाठी मानक १५६५८. त्यात ताकद बघतात आणि पाणी शोषण बघतात, सरासरी ६ टक्क्यांच्या आत. तुमचा माल या कसोट्यांना उतरला तर कागदावर मोठा भाग जिंकलात. सॉलिड ब्लॉकसाठी मानक २१८५ चा पहिला भाग, आणि त्यात १४ दिवस ओलं ठेवण्याची पद्धतच लिहिलेली आहे. म्हणून तिथे निविदेच्या कामात आधी अभियंत्याची लेखी संमती घ्या. माल पडल्यावर वाद घालण्यात अर्थ नसतो. सुरुवात खासगी अंगणं, पेट्रोल पंप, मंगल कार्यालयं यांच्या पेव्हरपासून करा.

खासगी गिऱ्हाइकाला एक फायदा लगेच दिसेल. पेव्हरवर पहिल्या पावसानंतर जो पांढरा खार फुटतो तो मोकळ्या चुन्यामुळे. गॅसने वरच्या थरातला चुना आधीच संपलेला असतो, त्यामुळे खार कमी फुटतो. लाल आणि काळ्या रंगाच्या मालाला याची किंमत मिळते.

बाळूमिस्त्री_कोरेगाव

खाराचं खरं असलं तर मी माझा आधीचा विरोध निम्मा मागं घेतो. खारापायी गिऱ्हाइकाची बोलणी आम्ही गवंडी खातो.

प्रा_मिरज

@माणदेशी, सिलिंडर कायमच्या उत्पादनासाठी नाही परवडणार, चाचणीसाठी परवडेल. एका दिवसाच्या मालातले काही ब्लॉक गॅसला, काही तुमच्या नेहमीच्या पाण्याला, काही नुसते प्लॅस्टिकमध्ये. ७ आणि २८ दिवसांना आमच्याकडे दाबून बघू. एक ब्लॉक फोडून ताज्या कडेवर फिनॉल्फ्थॅलिन फवारू. गॅस जिथे पोचला तिथे रंग येत नाही, जिथे पोचला नाही तिथे गुलाबी होतं. बाहेरून चार-पाच मिलिमीटरची पांढरी चौकट आणि मध्ये गडद गुलाबी दिसलं तर मिश्रण फार ओलं किंवा फार घट्ट होतं असं समजायचं. मधला गुलाबी ठिपका लहान होत गेला पाहिजे.

सिमेंट ओपीसी ५३ ग्रेडचं घ्या. पीपीसीत फ्लाय अॅश ३५ टक्क्यांपर्यंत असू शकते, गॅसला धरणारा माल तेवढा कमी.

आणि मशीन कारखान्याशेजारी नेण्याचं फार लांबचं मानू नका. बॉयलरचा धूर सुद्धा चालतो. कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठातून निघालेल्या कार्बनबिल्टच्या लोकांनी वीज केंद्राचा धूर वेगळा न करता थेट ब्लॉकला दिला आणि २०२१ मध्ये कार्बन एक्सप्राइझ मिळवलं. आपल्याकडे तर शुद्ध गॅस आहे, बगॅसची, म्हणजे उसाच्या चिपाडाची, राख आहे, आणि कारखान्यांच्या आवारात डांबरीऐवजी पेव्हर टाकायची गरजही आहे.

उसाचा_केमिस्ट

कारखान्यापुढे मी विषय मांडू शकतो, पण हातात २८ दिवसांचे आकडे लागतील. संचालकांना आकडे आणि एक फोडलेला ब्लॉक दाखवला की पुढचं बोलता येतं.

माणदेशी_ब्लॉक

मग ठरलं. तासगावच्या दादांकडून दाराचं गॅस्केट, पेटी गावातला वेल्डर बनवेल. पेटी उघड्यावरच ठेवतो, शेडमध्ये नाही, अमोलच्या सांगण्यावरून. पहिला माल ६० मिलिमीटरचा साधा करड्या रंगाचा पेव्हर. दुसऱ्या फेरीत लाल, खार बघायला. आकडे इथेच टाकतो, चांगले आले तरी आणि वाईट आले तरी. प्रा. मॅडम, नमुने मिरजेला कोणत्या वारी आणू?

प्रा_मिरज

गुरुवारी लॅब मोकळी असते. प्रत्येक ब्लॉकवर खडूने नको, ऑइल पेंटने नंबर टाका. खडू पाण्यात जातो.

पलूसचा_मोल्डर

माणदेशी दादा, सिलिंडरमधून गॅस बराच वेळ सोडला की रेग्युलेटरवर बर्फ धरतो आणि धार बंद पडते. तुम्हाला वाटेल सिलिंडर संपला. हीटरवाला रेग्युलेटर लागतो, वेल्डिंगच्या दुकानात मिळतो. विकत घेऊ नका, माझ्याकडे एक जादा आहे. पलूसला येऊन घेऊन जा, आणि येताना तो वाऱ्याकडच्या बाजूचा कच्चा ब्लॉक घेऊन या, मला बघायचाय.